इंजिन फिरते, पण पेटत नाही?
गोंडपिपरीकडे रोवणीच्या ऐन दिवसांत बोडीवरचे डिझेल इंजिन हँडल मारून मारून फिरते, पण पेटत नाही. अशा वेळी आधी सायलेन्सरकडे पाहा. धूर मुळीच नसेल, तर डिझेल आत पोचत नाही. टाकी, कॉक, झाकणाचे भोक तपासा. बहुधा लाईनने हवा धरलेली असते. टाकी एकदा कोरडी पडली की हे होतेच, ट्रकचेही तसेच. फिल्टरवरचा हवा काढायचा स्क्रू सैल करा, बुडबुडे थांबून सलग डिझेल आले की आवळा.

पांढरा धूर असेल तर डिझेल पोचते, पण जळत नाही. दाब कमी, नोझल खराब, नाहीतर डिझेलात पाणी. नोझलच्या फवाऱ्यापुढे बोट मात्र धरू नका. तो कातडीत शिरतो; शिरलाच, तर दुखत नसले तरी लगेच दवाखाना गाठा.