पस्तीस तासांची किंमत किती?

बडोदा हे प्रकल्पांचं शहर आहे. कोयलीची रिफायनरी १९६५ मध्ये सुरू झाली, त्याच दशकात बाजव्याजवळ जीएसएफसीचा खत कारखाना आला, १९६९ मध्ये आयपीसीएलची स्थापना झाली. या मोठ्या कारखान्यांच्या आधाराने डिझाइन, फॅब्रिकेशन, पाइपिंग आणि इरेक्शनची कामं करणारी लहानमोठी ऑफिसं आणि वर्कशॉप मकरपुऱ्यापासून नंदेसरीपर्यंत पसरली. आज सावली इथे मेट्रोचे डबे बनतात, ऑक्टोबर २०२४ मध्ये सी-२९५ विमानांच्या जुळणी कारखान्याचं उद्घाटन झालं, आणि लालबागेत वाहतूक व लॉजिस्टिक्स शिकवणारं गतिशक्ती विश्वविद्यालय आहे. दांडिया बाजार असो की मांजलपूर, इथल्या मराठी घरांत कुणीतरी प्लॅनिंगमध्ये असतं, कुणी साइटवर, कुणी शटडाऊनच्या रात्रपाळीत.

नोकरीत आठ-दहा वर्षं झाली की या मंडळींच्या बोलण्यात पीएमपी हा शब्द येऊ लागतो. अमेरिकेतल्या प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट, म्हणजे पीएमआय या संस्थेचं हे प्रमाणपत्र. संस्था १९६९ ची, प्रमाणपत्र १९८४ पासूनचं. आखाती देशांतल्या कंपन्या आणि परदेशी ग्राहकांची कामं करणाऱ्या सल्लागार कंपन्या बायोडेटात ते शोधतात. मग कोर्सच्या जाहिराती मागे लागतात, आणि चाळीस हजार पगारातला माणूस हप्त्यावर कोर्स घ्यायला तयार होतो. इथेच थांबून नियम वाचायला हवा, कारण तो जाहिरातीपेक्षा बराच उदार आहे.

पीएमपीच्या अर्जासाठी प्रकल्प व्यवस्थापनाचं ३५ तासांचं औपचारिक शिक्षण लागतं. ते पीएमआयच्या अधिकृत प्रशिक्षण भागीदाराकडूनच घ्यावं असं बंधन नाही. विद्यापीठाचा अभ्यासक्रम चालतो, कंपनीने कर्मचाऱ्यांसाठी घेतलेलं प्रशिक्षण चालतं, खासगी संस्थेचा वर्ग चालतो, आणि शेवटी परीक्षा असलेला ऑनलाइन कोर्सही चालतो. चालत नाही ते स्वतःच्या मनाने केलेलं वाचन आणि यूट्यूबवर पाहिलेले सुटे व्हिडिओ. म्हणजे सवलतीच्या दिवसांत उडेमीसारख्या ठिकाणी काहीशे रुपयांत मिळणारा ३५ तासांचा कोर्स आणि पंचतारांकित हॉटेलात भरणारं चार दिवसांचं शिबिर, अर्जाच्या त्या रकान्यात दोघांचं वजन सारखंच. महाग वर्गात शिक्षकाला प्रश्न विचारता येतात, अभ्यासाला शिस्त लागते, हे खरं आहे. ज्याला त्याची गरज आहे त्याने पैसे द्यावेत. पण प्रमाणपत्राचा दरवाजा महाग वर्गानेच उघडतो, हा समज साफ चुकीचा आहे आणि त्यापायी बेताच्या मिळकतीची माणसं उगाच कर्जात पडतात.

आपल्याकडचा आणखी चांगला पर्याय एनपीटेल. आयआयटींचे प्राध्यापक तिथे शिकवतात, पाहायला एक पैसाही लागत नाही, शुल्क पडतं ते प्रत्यक्ष केंद्रावर जाऊन परीक्षा देणाऱ्याला, आणि तेही हजार रुपयांच्या घरात. प्रकल्प व्यवस्थापनावरचे कोर्स तिथे आहेत, दर आठवड्याच्या गृहपाठालाही गुण असतात. एक हिशेब मात्र आधी करावा. एनपीटेलचा बारा आठवड्यांचा कोर्स साधारण ३० तासांचा असतो, आठ आठवड्यांचा २० तासांचा. एकाने ३५ भरत नाहीत, दोन जोडावे लागतात. पदवी परीक्षेच्या वर्षात असलेल्या आणि अनुभव नसलेल्या मुलांनी पीएमपीचा नाद तूर्त सोडून पीएमआयचंच कॅपम हे प्रमाणपत्र पाहावं. त्याला २३ तासांचं शिक्षण पुरतं आणि अनुभवाची अट नाही.

स्वस्त कोर्स घेताना पाहायची गोष्ट किंमत नव्हे, तारीख आहे. २०२१ मध्ये पीएमपीची परीक्षा मुळापासून बदलली. आता १८० प्रश्न असतात, जवळपास चार तासांचा पेपर, आणि २०२१ च्या आराखड्यानुसार प्रश्नांपैकी सुमारे निम्मे अजाइल, म्हणजे टप्प्याटप्प्याने बदल स्वीकारत काम करण्याच्या, किंवा मिश्र पद्धतीवरचे. परीक्षेचा हा आराखडा अधूनमधून बदलत राहतो. म्हणून कोर्स चालू आराखड्यावर बेतलेला आहे का, हे पीएमआयच्या संकेतस्थळावरचा आराखडा समोर ठेवून तपासावं. वाचलेले पैसे दोन ठिकाणी लावावेत: परीक्षेच्या शुल्कासाठी, जे खरोखर मोठं आहे, आणि चांगल्या मॉक टेस्टसाठी. पीएमआयच्या सभासदाला परीक्षा स्वस्त पडते आणि संस्थेच्या पीएमबॉक या मार्गदर्शिकेची डिजिटल प्रत फुकट मिळते, तेव्हा सभासदत्वाची रक्कम आणि सवलत यांची वजाबाकी अर्जाआधी करून पाहावी.

कोर्समधून खरं काय हाती लागतं, याचं एक उदाहरण. मकरपुऱ्यातल्या वर्कशॉपला १० लाखांच्या टाकीचं काम मिळालं, मुदत दहा आठवडे. पाच आठवडे झाले, खर्च झाला ५ लाख. हिशेबनीस खूश, कारण खर्च अगदी बजेटप्रमाणे. पण प्रत्यक्ष काम झालंय ४ लाखांचंच. म्हणजे रुपयामागे ८० पैशांचं काम होतंय, आणि हीच चाल राहिली तर टाकी साडेबारा लाखांना पडणार. याला अर्न्ड व्हॅल्यू म्हणतात. गणित पाचवीतलं आहे, पण पाचव्या आठवड्यात ते मांडणारा माणूस दहाव्या आठवड्यातलं भांडण टाळतो. प्रमाणपत्र मिळो न मिळो, एवढं शिकून मालकासमोर कागद ठेवता आला तरी कोर्सचे पैसे वसूल झाले.

आपले अनुभवी लोक नापास होतात ते गणितात नव्हे. प्रश्न प्रसंगाचे असतात: वेंडरचा माल उशिरा येतोय, टीममधल्या दोघांचं पटत नाही, ग्राहकाने मध्येच बदल सांगितला, आधी काय कराल? साइटवर मुरलेला माणूस सवयीने उत्तर देतो की साहेबांना कळवू किंवा वेंडरला फैलावर घेऊ. परीक्षेला हवं असतं ते बहुधा असं की आधी परिणाम तपासा, संबंधितांशी बोला, मग ठरलेल्या पद्धतीने बदल मांडा. ही विचाराची सवय मॉक टेस्ट सोडवून आणि चुकलेल्या प्रत्येक उत्तराचं कारण वाचूनच लागते. कोर्सचे व्हिडिओ दुप्पट वेगाने पळवून लागत नाही.

आणि खरी अडचण कोर्सच्या अलीकडे, अर्जातच आहे. चार वर्षांची पदवी असेल तर प्रकल्पांचं नेतृत्व केल्याचा ३६ महिन्यांचा अनुभव दाखवावा लागतो, डिप्लोमावाल्याला ६० महिन्यांचा. एकाच काळात चाललेल्या दोन प्रकल्पांचे महिने दोनदा मोजता येत नाहीत. बडोद्यातल्या डिप्लोमा इंजिनिअरकडे हा अनुभव भरपूर असतो, फक्त तो त्याला प्रकल्प म्हणत नाही. युनिटचा शटडाऊन हा प्रकल्पच: सुरुवात ठरलेली, शेवट ठरलेला, कामांची यादी, क्रेनचं वेळापत्रक, शंभर-दोनशे कंत्राटी माणसं, सुरक्षेचे परवाने. त्याने तो पाच वेळा पार पाडलेला असतो आणि अर्जात लिहितो, ‘मेंटेनन्सचं काम पाहिलं’. लिहायचं ते असं: उद्देश काय होता, मी कोणते निर्णय घेतले, किती मुदतीत, किती खर्चात, काय निष्पन्न झालं. काही अर्ज तपासणीसाठी निवडले जातात आणि मग जुन्या वरिष्ठांची सही लागते. नोकरी बदलताना त्या साहेबांचा फोन आणि ईमेल जपून ठेवावा. ‘शंभर टक्के पास, परीक्षा आम्हीच देऊ’ म्हणणाऱ्यांचा फोन मात्र तिथल्या तिथे ठेवून द्यावा. पकडलं गेलं की प्रमाणपत्रही जातं आणि नावही.

उरतो इंग्रजीचा प्रश्न. पेपर मराठीत नाही, गुजरातीतही नाही. प्रश्न लांबलचक असतात आणि तालुक्याच्या शाळेतून आलेला, कामात पक्का असलेला माणूस वाचण्यातच वेळ घालवतो. याच शहरात १८९० मध्ये सयाजीराव महाराजांनी कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था सुरू केली, तेव्हा त्यामागे उभे असलेले रसायनशास्त्राचे प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांचा आग्रह होता की कारागिराच्या मुलाला तंत्रविद्या त्याच्या भाषेत शिकता यायला हवी. दादासाहेब फाळके याच कलाभवनात घडले. पुढे १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ झालं आणि कलाभवनाची परंपरा त्याच्या तंत्रज्ञान विद्याशाखेत आली. ज्या शहराने हा विचार सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी अमलात आणला, तिथल्या तरुणाने शटडाऊनचं नियोजन शिकायला परक्या उच्चारांतले व्हिडिओ एकट्याने रात्री जागून पाहावेत, हे मला पटत नाही.

करता येण्यासारखं आहे. नियम विद्यापीठाला आणि कंपनीला वर्ग घेऊ देतो. रिफायनरी आणि खत कारखान्यातून निवृत्त झालेले प्लॅनिंगचे जाणकार शहरात आहेत. पुस्तक इंग्रजी, प्रश्नसंच इंग्रजी, समजावणं मराठी-गुजराती-हिंदीत. एक खोली, एक प्रोजेक्टर, सात रविवार, दर रविवारी पाच तास. शेवटी छोटी परीक्षा, आणि प्रत्येकाच्या हाती असा दाखला ज्यावर कोर्सचं नाव, तारखा आणि ३५ तास स्पष्ट लिहिलेले असतील, कारण तपासणीत तोच कागद मागतात.