लहानग्यांची शिदोरी

आपल्या रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात जमाखर्च, शस्त्रक्रियांची नोंद, नवी यंत्रसामग्री आणि देणगीदारांची नामावली यांना स्थान असते आणि ते योग्यच आहे. या वर्षी त्या पानांच्या शेजारी एका लहानशा स्टीलच्या डब्याविषयी लिहिण्याची परवानगी मी विश्वस्त मंडळाकडे मागितली. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यक हा माझा विषय नव्हे. पुढे जे लिहिले आहे ते आमच्या बालरोग विभागातील डॉक्टर व परिचारिका यांच्याकडून समजून घेतलेले आहे. हिशेब तेवढा माझा.

तो हिशेब असा. दूरच्या गावाहून बाह्यरुग्ण विभागात येणारी माता पहाटे साडेपाचला स्वयंपाकाला लागते. सहा वाजता गरम खिचडी डब्यात भरून झाकण घट्ट लावते. साडेसहाची एस.टी., नऊला केसपेपर, अकराला तपासणी आणि रक्ताचा अहवाल दुपारी एकनंतर. दीडच्या सुमारास डबा उघडतो, तेव्हा त्यातील अन्न साडेसात तासांचे झालेले असते. सोबतच्या आजोबांनाही तेच अन्न आणि दीड वर्षाच्या नातवालाही तेच. आजोबांना ते बहुधा बाधत नाही; नातवाला बाधणार नाही असे सांगता येत नाही. लग्नकार्य असो, जत्रा असो वा कुलदैवताचे दर्शन, घरापासून दूर गेलेल्या दिवसाचे वेळापत्रक थोड्याफार फरकाने असेच असते.

या साडेसात तासांत डब्यात काय घडते, हे समजून घेणे उपयुक्त ठरेल. तांदळावर एका जातीच्या जिवाणूंचे बीजाणू मुळातच असतात आणि भात शिजला तरी ते मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते जागे होऊन वाढू लागतात व विष तयार करतात. दुसरा जिवाणू आपल्याच हातांवर, नाकात, बोटाच्या जखमेत वस्तीला असतो आणि डबा भरताना अन्नात उतरतो. दोघांचेही विष असे चिवट, की अन्न पुन्हा गरम केल्याने ते नाहीसे होत नाही. त्यामुळे ‘गरम करून दिले होते’ हे उलट्यांनी बेजार झालेल्या मुलाला घेऊन आलेल्या मातेचे सांगणे खरे असते, पण त्याचा उपयोग झालेला नसतो. अन्नाला वासही येत नाही, चवही बदलत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेचा नियम सोपा आहे. ५ ते ६० अंश सेल्सियस हा जंतूंच्या वाढीचा पट्टा. शिजलेले अन्न या पट्ट्यात दोन तासांपेक्षा अधिक काळ ठेवू नये. आपल्याकडील चैत्र-वैशाखात, पारा ३२ अंशांच्या वर असताना, ही मुदत एक तासाचीच धरावी, असे तज्ज्ञ सांगतात. वाफाळती खिचडी स्टीलच्या डब्यात कोंडली की ती फार काळ गरमही राहत नाही आणि लवकर गारही होत नाही. नेमकी कोमट राहते. ममतेने घट्ट लावलेले ते झाकणच अशा वेळी अपायकारक ठरते.

यातून मार्ग दोनच. अन्न न्यायचे तर कढत न्यावे किंवा मुळात कोरडे न्यावे. कढत नेण्यासाठी रुंद तोंडाचा थर्मास लागतो. त्यात प्रथम उकळते पाणी भरून दहा मिनिटे ठेवावे, ते ओतून टाकावे आणि चुलीवरून उतरवलेली खिचडी किंवा वरणभात लगेच काठोकाठ भरावा. मुलाला भूक लागेपर्यंत झाकण उघडू नये. उघडल्यावर वाफ निघाली नाही, तर ते अन्न मुलाला देऊ नये. वाटीत काढून उष्टे झालेले अन्न पुन्हा थर्मासात घालू नये. आमच्या वडीलधाऱ्या स्त्रियांना अन्न टाकणे जिवावर येते आणि त्यांची ही भावना मला आदरणीय वाटते; म्हणून उपाय एवढाच, की भरतानाच बेताचे भरावे. एक ते दोन वर्षांच्या मुलाला एका जेवणात पाऊण ते एक वाटी अन्न पुरते; मात्र दिवसात असे तीन-चार वेळा आणि मधे थोडे खाणे लागते. एका मोठ्या डब्यापेक्षा दोन लहान डबे बरे, ते यासाठी.

कोरड्या अन्नाच्या बाबतीत आपल्या आज्या-पणज्या आपल्यापेक्षा शहाण्या होत्या, असे आमच्या बालरोगतज्ज्ञांचेच मत आहे. शिदोरी हा शब्द ज्यांनी रूढ केला, त्यांनी प्रवासाला ओली भाजी दिली नाही; दशम्या, गूळपोळी, धपाटे, सातूचे पीठ दिले. गूळ पाणी धरून ठेवतो, ते जंतूंच्या हाती लागू देत नाही. खमंग भाजण्याने उरलेला ओलावा उडून जातो. तुपातली मऊ दशमी दूध पिणाऱ्या मुलालाही चावता येते. पोळी कुस्करून तूप-गूळ घालून केलेला लाडू, नाचणीचा लाडू, सालीसकट नेलेले केळे ही सारी याच जातीची. सातूचे किंवा भाजलेल्या नाचणीचे पीठ तर कोरडेच न्यावे आणि खाण्याच्या वेळी थर्मासातील उकळलेल्या पाण्यात कालवावे. पाणी पडेपर्यंत जंतूंना तेथे काम नसते. दहीभाताविषयी मात्र थोडी सावधगिरी हवी. दह्याचा आंबटपणा जंतूंची वाढ मंदावतो हे खरे, परंतु रात्री तसाच राहिलेल्या भातावर सकाळी दही घातले, तर रात्रीत झालेले विष दह्याने जात नाही. ओल्या खोबऱ्याची चटणी, पनीर, कापलेली फळे आणि बाटलीतले दूध हे लहान मुलाच्या प्रवासात नसावे. बाटलीची बूच व खाचा प्रवासात नीट धुता येत नाहीत. वाटी-चमचा धुता येतो. दोन वर्षांपर्यंत व त्यापुढेही अंगावर पिणाऱ्या मुलाच्या आईने तर निश्चिंत असावे. तिचे दूध डब्यात भरावे लागत नाही आणि नासतही नाही. अनेक एस.टी. स्थानकांवर याच कारणासाठी हिरकणी कक्ष झाले आहेत.

आता ज्या प्रसंगामुळे हा लेख लिहिण्याचे मनात आले, त्याकडे वळतो. एका वृद्ध गृहस्थांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होती आणि त्यांच्यासोबत दोन वर्षांचा नातूही आला होता. डबा संपला होता, मूल कंटाळून रडत होते. आजीने आमच्याच आवारातील उपाहारगृहातून फुटाण्यांची पुडी आणली. मुलाला एकाएकी जोराचा खोकला आला, चेहरा लाल झाला आणि थोड्या वेळाने सारे शांत झाले. घरच्यांनी आणि आमच्या सेवकानेही सुटकेचा निःश्वास सोडला. त्यानंतर तीन आठवडे त्या मुलाला सर्दी-खोकल्याची औषधे चालू होती. अखेर एका बाजूच्या छातीत घरघर ऐकू आल्यावर डॉक्टरांना शंका आली आणि मोठ्या शहरात दुर्बिणीने त्याच्या श्वासनलिकेतून फुटाण्याचे अर्धे दल काढण्यात आले. शेंगदाणा किंवा फुटाणा साध्या एक्स-रेमध्ये दिसत नाही. आत तो फुगतो आणि सूज आणतो. मूल बरे झाले. प्रवास व उपचार यांचा भार निर्धन रुग्ण निधीतून उचलला गेला, हे देणगीदारांना कळावे म्हणून नमूद करतो. परंतु ती पुडी आमच्या छताखाली विकली गेली होती, हेही नमूद करणे मला आवश्यक वाटते.

दाढांनी दाणा दळण्याची कला मुलाला चार वर्षांच्या आसपास नीट साधते. तोवर अख्खे शेंगदाणे, फुटाणे, लाह्या, कच्च्या गाजराचे तुकडे, सीताफळातील बिया आणि गोळ्या-चॉकलेटे डब्यात घालू नयेत. द्राक्ष द्यायचे तर उभे चिरून चार फोडी कराव्यात. शेंगदाण्याचा बारीक कूट चालतो. मुलाने बसूनच खावे. खडबडीत रस्त्याने धावणाऱ्या गाडीत, हसताना वा रडताना त्याच्या तोंडात घास भरवू नये. घास अडकला आणि मूल जोराने खोकत असेल, तर त्याला खोकू द्यावे. खोकता-रडता येत नसेल, तर त्याला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताने पाच थापा माराव्यात. त्याने न निघाल्यास मागून मिठी घालून बेंबीच्या वर पाच वेळा आत व वरच्या दिशेने दाब द्यावा आणि हे आलटून पालटून करावे. एक वर्षाच्या आतील मुलाच्या पोटावर दाब देऊ नये. छातीच्या मध्यभागी द्यावा. घास दिसत नसताना घशात बोट घालू नये, त्याने तो अधिक खोल जातो. त्याच वेळी कोणीतरी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. आणि खोकला थांबला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. वरील प्रसंगात नेमके हेच राहून गेले.

चहात बुडवलेल्या बिस्किटाविषयी एक वाक्य लिहिले नाही, तर परिचारिका मला क्षमा करणार नाहीत. चहामुळे अन्नातील लोह अंगी लागत नाही आणि २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६७.१ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला होता.

मातांना एवढे सांगताना आपल्या व्यवस्थेकडेही पाहणे भाग होते. खिचडी साडेसात तासांची होते ती केवळ आईच्या चुकीने नव्हे. त्यातील साडेचार तास आमच्या रांगांचे असतात. म्हणून तीन वर्षांखालील मूल सोबत असलेल्या कुटुंबांचे रक्तनमुने आता सर्वप्रथम घेतले जातात आणि केसपेपर काढतानाच ‘डबा किती वाजता भरला?’ असे विचारले जाते. पहिले काही दिवस लोकांना या प्रश्नाचे हसू येई. उपाहारगृहातून फुटाणे व शेंगदाण्यांच्या पुड्या काढून टाकण्यात आल्या आहेत. कंत्राटदाराने त्यापोटी भाड्यात मागितलेली सूट विश्वस्त मंडळाने मंजूर केली आणि ती घट जमाखर्चात दिसेल. प्रतीक्षा कक्षाच्या खिडकीकडील बाजूस मुलांच्या उंचीचे एक बैठे मेज, हात धुण्याची सोय व साबण ठेवला आहे. उकळलेल्या पाण्याचा थर्मास नोंदणी खिडकीशी सकाळी आठ ते सायंकाळी सहा या वेळेत असतो. तो मागण्यास संकोच करू नये.