हिंगणघाटात ज्यूरी बसली असती तर

३ फेब्रुवारी २०२० ला सकाळी हिंगणघाटच्या नंदोरी चौकात एका तरुण प्राध्यापिकेवर पेट्रोल टाकून तिला पेटवण्यात आलं. आठवडाभराने, १० तारखेला, नागपुरात ती गेली. शहर बंद झालं, मोर्चे निघाले, आरोपीला फाशी द्या म्हणून घोषणा झाल्या. खटला हिंगणघाटच्याच सत्र न्यायालयात चालला. तो ज्यूरीपुढे चालवायचा असता तर?

पहिली पंचाईत माणसं मिळण्याचीच. अमेरिकेत सामान्य नागरिकांतून नावं काढतात आणि मग वकील एकेकाला खोदून विचारतात: प्रकरणाबद्दल काय ऐकलंत? मत बनवलंय का? त्या फेब्रुवारीत हिंगणघाटात मत न बनवलेला माणूस शोधून दाखवावा! अशा वेळी तिकडे खटला दुसरीकडे हलवता येतो.

समजा, बारा जण मिळाले. ते साक्षी ऐकतात, न्यायाधीश त्यांना कायदा समजावून सांगतात, मग ते बंद खोलीत बसतात. अमेरिकेत दोषी ठरवायला बाराही जणांचं एकमत लागतं. इंग्लंडमध्ये बराच वेळ एकमत झालं नाही तर दहा विरुद्ध दोन चालतं. जपानने २००९ पासून तिसरी वाट धरली आहे. तिथे गंभीर खटल्यांत तीन न्यायाधीश आणि सहा नागरिक एकत्र बसून निकाल आणि शिक्षा दोन्ही ठरवतात. इंग्लंड-अमेरिकेतली ज्यूरी मात्र सहसा 'दोषी' किंवा 'निर्दोष' एवढंच सांगते. का, ते सांगत नाही.

आपल्याकडे हे सगळं होऊन गेलंय. १९०८ साली मुंबईत टिळकांवरच्या राजद्रोहाच्या खटल्यात नऊ जणांची ज्यूरी होती. सातांनी दोषी म्हटलं, दोघांनी नाही, आणि टिळक सहा वर्षांसाठी मंडालेला गेले. १९५९ च्या नानावटी खटल्यात आठ विरुद्ध एक असा सुटकेचा कौल आला. तो न्यायाधीशांना पटला नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं आणि तिथे जन्मठेप झाली. १९७४ ला नवी फौजदारी प्रक्रिया संहिता लागू झाली, तीत ज्यूरीला जागाच उरली नाही.

म्हणून हिंगणघाटात निर्णय एकट्या न्यायाधीशांचा होता. आरोप निश्चित झाले. विशेष सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी साक्षीदार तपासले, बचाव पक्षाने उलटतपास घेतला. मग आरोपीचा जबाब, युक्तिवाद, आणि कारणांसह लेखी निकाल. माझ्या मते यातलं हे शेवटचंच सगळ्यात मोलाचं. कारणं कागदावर असली की ती खोडूनही काढता येतात.

दोषी ठरल्यावर शिक्षेबद्दल आरोपीचं वेगळं ऐकावं लागतं. फाशी १९८० पासून 'दुर्मिळातील दुर्मिळ' प्रकरणातच. इथे १० फेब्रुवारी २०२२ ला जन्मठेप झाली. अशा निकालावर अपील उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जातं. आरोपी सुटला असता तर सरकारलाही तिथे जाता आलं असतं. अमेरिकेत ज्यूरीने सोडलेल्या माणसाविरुद्ध सरकारला ती सोय नाही.