तलाठ्याचे नाव घेण्याआधी

वैनगंगेच्या रेतीघाटांवर काय चालते, याची चर्चा भंडारा जिल्ह्यात आता पानठेल्यापेक्षा व्हॉट्सअ‍ॅपवर जास्त होते. ‘रात्रभर टिप्पर धावतात, महसूल खाते झोपले काय?’ प्रश्न कितीही बोचरा असला, तरी तो विचारायचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद १९ ने दिला आहे. पण त्याखाली कोणी लिहिले, ‘अमुक तलाठी टिप्परमागे पैसे घेतो,’ की मामला बदलतो. ही टीका उरत नाही. हे एका माणसाबद्दलचे विधान झाले, आणि ते खरे असल्याचे दाखवायची पाळी लिहिणाऱ्यावर येते.

याच अनुच्छेदात अभिव्यक्तीवर निर्बंध घालण्याची मोजकी कारणे दिली आहेत. अब्रुनुकसानी त्यांत आहे; ‘वाचून कोणाला तरी राग आला’ हे नाही. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या मुंबई बंदवर २०१२ मध्ये फेसबुकवर लिहिणाऱ्या पालघरच्या तरुणीला आणि ते ‘लाइक’ करणाऱ्या तिच्या मैत्रिणीला अटक झाली होती. त्या संतापातून उभ्या राहिलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्यातले कलम ६६-अ रद्द केले. मात्र बदनामीचा फौजदारी कायदा त्याच न्यायालयाने २०१६ मध्ये कायम ठेवला. आज तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे: दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा समाजसेवा.

‘मी खरेच बोललो,’ एवढ्याने फौजदारी खटल्यात भागत नाही. विधान खरे हवे, शिवाय ते जाहीर करणे सार्वजनिक हिताचे हवे. खऱ्यालाही अशी दुसरी परीक्षा द्यायला लावणे मला जाचक वाटते. तरी कायद्याने वाटा ठेवल्या आहेत. लोकसेवकाच्या कामकाजावर सद्भावनेने मत देणे गुन्हा नाही. तोच आरोप त्याची दखल घेण्याचा अधिकार असलेल्या वरिष्ठाकडे, म्हणजे तहसीलदार-जिल्हाधिकाऱ्यांकडे, सद्भावनेने केला तर त्यालाही संरक्षण आहे. सद्भावना म्हणजे नुसता चांगला हेतू नव्हे. पुरेशी काळजी घेऊन, खातरजमा करून बोलणे. माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज इथे उपयोगी पडतो. ग्रुपवर फिरत आलेला, कोणी कधी काढला ते ठाऊक नसलेला फोटो पडत नाही.

नाव घेतले गेलेला माणूस ठाणेदाराकडे धावतो, पण निव्वळ बदनामी हा अदखलपात्र गुन्हा. पोलिस परस्पर अटक करू शकत नाहीत. साधारणपणे ज्याची बदनामी झाली त्यानेच न्यायालयात फिर्याद द्यायची असते.

मग ग्रुप अ‍ॅडमिनचे काय? याचे उत्तर शेजारूनच आले. १९९९ पर्यंत भंडाऱ्याचाच भाग असलेल्या गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगावात एका सदस्याने ग्रुपवर महिला सदस्याबद्दल अश्लील मजकूर टाकला. अ‍ॅडमिनने त्याला काढले नाही, माफीही मागायला लावली नाही, म्हणून त्याच्यावरही गुन्हा नोंदला गेला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १ मार्च २०२१ रोजी अ‍ॅडमिनविरुद्धची कारवाई रद्द केली. न्यायालयाच्या मते सदस्य घेणे-काढणे एवढेच तेव्हा त्याच्या हाती होते. कोण काय टाकणार हे त्याला आधी कळत नव्हते आणि थांबवताही येत नव्हते. समान हेतू किंवा पूर्वनियोजन दिसले नाही, तर दुसऱ्याच्या मजकुराचा भार त्याच्यावर टाकता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. ही सूट अ‍ॅडमिनपुरती. तलाठ्याचे नाव टाइप करणाऱ्याला ती नाही, आणि तो मजकूर पुढच्या ग्रुपवर ढकलणाऱ्यालाही ‘मी फक्त फॉरवर्ड केले’ म्हणून आपोआप सुटता येत नाही.