मोटारीची चार चाके व शक्तीची वाटणी

गेल्या पावसाळ्यात आम्ही नववीच्या विद्यार्थ्यांस घेऊन नगर तालुक्यातील हिवरे बाजार येथे गेलो होतो. डोंगरउतारावर खणलेले चर, अडविलेले पाणी व हिरवी शिवारे पाहून आम्ही परत निघालो, तोच समोरून येणाऱ्या ट्रॅक्टरास वाट देण्याच्या नादात आमच्या भाड्याच्या गाडीचे डावे मागचे चाक रस्त्याकडेच्या चिखलात उतरले. चालकाने एंजिनाचा जोर वाढविला, तसे ते चाक गरगर फिरू लागले व त्याने चिखल मात्र भरपूर उडविला. उजवे चाक कोरड्या खडीवर होते, पण ते जागचे हलले नाही. अखेर मुलांनी खांदे लावून गाडी बाहेर काढली.

तेव्हा एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, उजव्या चाकाखाली तर घट्ट जमीन होती. मग त्यानेच गाडी का ओढली नाही?" प्रश्न मोठा मार्मिक होता. सोबत आलेल्या एका पालकांनी दुसरा प्रश्न विचारला: "आमचा थोरला मुलगा पुण्यास नोकरीस आहे. तो चारही चाकांवर चालणारी वेगवान मोटार घेईन म्हणतो. ती आपली आपण ताबा ठेवते, असे तो सांगतो. मग ती सुरक्षित असते ना?" या दोन्ही प्रश्नांची उत्तरे उभ्याउभ्या देण्याजोगी नव्हती. ती येथे देण्याचे योजिले आहे.

प्रथम पहिला प्रश्न घेऊ. बैलगाडी वळताना आपण सर्वांनी पाहिली आहे. बाहेरच्या चाकास लांबचा फेरा पडतो व आतल्यास जवळचा. बैलगाडीची चाके आसावर सुटी फिरतात, म्हणून तेथे अडचण येत नाही. मोटारीत मात्र एंजिनाने चाके फिरवावयाची असतात. दोन्ही चाके एकाच आसास जखडून टाकली, तर प्रत्येक वळणावर एक चाक फरफटेल. यावर उपाय म्हणून दोन चाकांच्या मध्ये दातेरी चक्रांची एक पेटी बसवितात. तिला डिफरन्शिअल म्हणतात. तिचा गुण असा की ती दोन्ही चाकांस निरनिराळा वेग घेऊ देते. तिचा दोष असा की ती दोहोंस जोर मात्र सारखाच देते. चिखलातील चाकास फिरण्यास अगदी थोडा जोर पुरतो, आणि मग घट्ट जमिनीवरील चाकाच्या वाट्यासही तेवढाच थोडा जोर येतो. जुवाखालील एका बैलाचे पाय निसरड्यात सुटले की दुसऱ्या तगड्या बैलास एकट्याने ओढ घेता येत नाही, जू तेवढे वाकडे होते. त्या दिवशी आमच्या गाडीचे नेमके हेच झाले.

आता कोणी म्हणेल, दोन चाकांऐवजी चारही चाकांस शक्ती द्यावी, म्हणजे झाले. ही कल्पना जुनीच आहे. १९०० साली व्हिएन्नाच्या लोनर कारखान्यासाठी फर्डिनांड पोर्श या तरुण कारागिराने चारही चाकांत विजेच्या मोटारी बसविलेले वाहन तयार केले होते. १९०३ मध्ये हॉलंडातील स्पायकर बंधूंनी पेट्रोल एंजिनावर चारही चाके फिरविणारी मोटार केली. दुसऱ्या महायुद्धातील जीपगाडी तर सर्वांस ठाऊक आहे. तथापि जीपसारख्या वाहनांत पुढचा व मागचा आस एका दांडीने कायमचे जोडले, तर कोरड्या रस्त्यावर वळताना ते एकमेकांशी भांडू लागतात. म्हणून ती जोडणी चिखलापुरती करावयाची व सडकेवर आल्यावर सोडावयाची, असा रिवाज होता. रोजच्या सडकेवर, भर वेगात, चारही चाके सुखाने कशी चालवावीत, हा प्रश्न शिल्लकच राहिला. याचे उत्तर निरनिराळ्या कारखान्यांनी निरनिराळे दिले. अहिल्यानगर, ज्यास २०२४ पर्यंत अहमदनगर म्हणत, तेथून शेंद्रे, चाकण व पुणे ही कारखान्यांची ठिकाणे फार दूर नाहीत. तेथे ही निरनिराळी उत्तरे प्रत्यक्ष जोडून तयार झाली आहेत.

पहिले उत्तर निव्वळ यांत्रिक आहे. जर्मनीच्या आउडी कंपनीने १९८० च्या मार्चमध्ये जिनीव्हाच्या प्रदर्शनात क्वात्रो नावाची मोटार मांडली. तिच्यात पुढच्या व मागच्या आसांमध्येही एक डिफरन्शिअल होते. या मोटारीने जागतिक रॅली शर्यतींत कारखान्यांचे विजेतेपद १९८२ व १९८४ साली मिळविले. पुढे १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्या जागी टॉर्सेन नावाची रचना आली. तिच्यातील मळसूत्री दात्यांमुळे जी बाजू घसरून भलत्या वेगाने फिरू पाहते, तिच्याकडील जोर आपोआप कमी होतो व पकड असलेल्या बाजूस अधिक मिळतो. तिला कोणी हुकूम द्यावा लागत नाही. तिची उणीव एवढीच की ती एका बाजूच्या पकडीच्या ठराविक पटीत दुसऱ्या बाजूस जोर देते. एका बाजूची पकड शून्य झाली, तर शून्याची कितीही पट शून्यच! अशा वेळी घसरणाऱ्या चाकास किंचित ब्रेक लावून ही रचना सावरावी लागते.

दुसऱ्या उत्तरात क्लच व विद्युत्‌यंत्रणा यांचा मेळ आहे. एका आसास शक्ती नित्य मिळते. दुसऱ्या आसाच्या वाटेवर पातळ चकत्यांचा एक क्लच असतो. चकत्या जितक्या घट्ट दाबाव्यात, तितका जोर पलीकडे जातो. किती दाबावयाचे हे एक लहानसे गणकयंत्र ठरविते. चाकांचा वेग, सुकाणूचा कोन, एंजिनाचा जोर व गाडी कोणत्या बाजूस रेटली जात आहे, ही सर्व माहिती सेन्सर त्यास क्षणोक्षणी पुरवितात. १९८६ च्या पोर्श ९५९ मध्ये व १९८९ च्या निसान स्कायलाइन जीटी-आर मध्ये ही युक्ती वेगासाठी वापरली गेली. स्कायलाइनमध्ये एरवी सर्व शक्ती मागच्या चाकांस असे. ती घसरू लागताच निम्म्यापर्यंत शक्ती पुढे जाई. जपानातील शर्यतींत १९९० ते १९९३ या चार वर्षांत ही मोटार ज्या २९ शर्यतींत उतरली, त्या सर्व तिने जिंकल्या.

वाचकांस नवल वाटेल ते असे की या दोन्ही पद्धती एकाच नावाखाली नांदतात. छत्रपती संभाजीनगरजवळील शेंद्रे येथे आउडीच्या क्यू-७ व क्यू-३ या दोन्ही मोटारींची जुळणी झालेली आहे. दोहोंवर क्वात्रो हेच नाव असते. पण क्यू-७ मध्ये मधले डिफरन्शिअल यांत्रिक असून शक्ती मुळातच पुढे ४० व मागे ६० टक्के अशी वाटलेली असते, आणि प्रसंगी पुढे ७० किंवा मागे ८५ टक्क्यांपर्यंत जाते. क्यू-३ ही मूळची पुढच्या चाकांवर चालणारी. मागची चाके क्लचामार्फत लागेल तशी कामास लागतात. तात्पर्य, पाटीवरचे नाव वाचून आतली रचना कळत नाही.

चाकण येथे मर्सिडीझच्या एएमजी जातीच्या दोन मोटारींची जुळणी अनुक्रमे २०२० व २०२१ साली सुरू झाली. पैकी जीएलसी ४३ कूपे हीत वाटणी ठरलेली आहे: पुढे ३१ टक्के, मागे ६९ टक्के. ए-३५ हीत क्लच असून सर्व शक्ती पुढे, येथपासून निम्मी निम्मी, येथपर्यंत वाटणी बदलते. तिसरे उत्तर विजेच्या मोटारींचे. २०२५ साली आलेल्या टाटा हॅरियर ईव्हीच्या वरच्या प्रकारात पुढे एक व मागे एक अशा दोन विद्युत्‌मोटारी आहेत. दोन आसांना जोडणारी दांडीच नाही. दोहोंचा मेळ केवळ गणकयंत्र घालते व तो फार त्वरेने घालते, कारण विजेस दाबावयाच्या चकत्या नसतात. पोर्शने १९०० साली धरलेली वाट अशा रीतीने पुन्हा वापरात आली.

यांत श्रेष्ठ कोणती? आमच्या मते, कामावर अवलंबून आहे. यांत्रिक रचना नित्य जागी असते व तिच्या वागण्याचा अंदाज चालकास लवकर येतो. क्लचाची रचना हलकी व इंधन वाचविणारी असते. मात्र जेथे ती चाक घसरल्यावरच जागी होते, तेथे क्षणभर उशीर होतो, व फार राबविल्यास क्लच तापतो. ठरीव वाटणी साधी व भरवशाची, पण प्रसंग ओळखत नाही. वेगवान मोटारींत बहुधा मागे अधिक शक्ती देतात, याचेही कारण ध्यानी घ्यावे. पुढच्या चाकांस गाडी वळवावयाचीही असते. टायरची पकड ही एकच थैली आहे. तिच्यातून ओढण्यास जितके खर्चावे, तितके वळण्यास कमी उरते.

आता त्या पालकांचा प्रश्न. येथे गणिताचे थोडे साहाय्य घेऊ. १६०० किलोग्रॅमची मोटार, वजन चारही चाकांवर सारखे, एंजिन हवे तेवढे जोरकस व कोरड्या सडकेचा घर्षणांक ०.८ धरू. दोनच चाकांस शक्ती दिली, तर निम्म्या वजनाचीच पकड उपयोगी पडते. वेगवृद्धी दर सेकंदास ३.९ मीटर प्रतिसेकंद होते, व ताशी १०० किलोमीटर वेग गाठण्यास सुमारे ७ सेकंद लागतात. चारही चाकांस दिली, तर वेगवृद्धी दुप्पट व वेळ साडेतीन सेकंद. लाभ खराच मोठा आहे!

पण आता दोन्ही मोटारी थांबवू. ब्रेक तर प्रत्येक मोटारीच्या चारही चाकांस असतात. तेव्हा ताशी १०० वरून ब्रेक लावल्यावर थांबण्यास दोहोंस सुमारे ४९ मीटर लागतात. पाऊस पडून घर्षणांक ०.४ झाला, तर दोहोंस ९८ मीटर. आता ५० मीटर त्रिज्येचे सपाट वळण घ्या. कोरड्यात ते फार तर ताशी ७१ किलोमीटर वेगाने घेता येईल, ओल्यात ५० ने. विद्यार्थ्यांनी ही उदाहरणे स्वतः सोडवून पाहावीत. थांबण्याच्या व वळण्याच्या या समीकरणांत किती चाकांस शक्ती मिळते, हे पदच आढळणार नाही.

किंबहुना येथे एक सूक्ष्म धोका आहे. साध्या मोटारीचे चाक ओल्या रस्त्यावर निघताना जरा घसरते व चालक सावध होतो. शहाणी मोटार न घसरता सुसाट निघते, आणि रस्ता निसरडा आहे ही सूचना चालकास मिळतच नाही. मग माळशेज घाटाच्या वळणावर पावसात ती त्यास एकदमच मिळते, व तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून त्या पालकांस आमचे उत्तर असे: आपल्या मुलाने अशी मोटार खुशाल घ्यावी. चिखलात, चढावर व निघताना ती त्याचा हात धरील. पण थांबताना तिचा भरवसा धरू नये. टायर चांगले ठेवावेत, पुढील वाहनापासून अंतर राखावे व पावसात वेग कमी करावा. या तीन गोष्टींस पर्याय नाही.

हिवरे बाजार येथे आम्ही एक गोष्ट ऐकली. तेथे पाऊस मोजतात, मग ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात. माणसांचे व जनावरांचे पिण्याचे पाणी आधी राखून उरलेल्यावर पिके ठरवितात, आणि पाणी फार पिणाऱ्या पिकांस आवर घालतात. पाणी वाटण्याची त्यांची रीत मोठी शहाणी आहे, तथापि त्या रीतीने पाऊस वाढत नाही, हे तेथील शेतकरी पक्के जाणून आहेत. मोटारीचेही तसेच. टायर व रस्ता यांमधील पकड हा तिचा पाऊस होय. गणकयंत्र त्या पकडीची चोख वाटणी करील. तिच्यात भर घालणे त्याच्या हाती नाही. किती खर्चावयाचे हे सुकाणूवर बसलेल्या माणसानेच ठरवावे लागते.