तासाचा भाव

माझा ट्रेनर सकाळी सहालाच पहिल्या गिऱ्हाइकाचे सेट मोजत उभा असतो. माझी वेळ सातची. "काका, गुडघे आत वळतायत, बाहेर ठेवा," म्हणत तो माझ्यासोबत खाली बसतो, उठतो. माझ्यानंतर आठला एक, नऊला एक. दहानंतर जिम ओस. नोकरदार परततात ते संध्याकाळी सहाला, म्हणजे मधले आठ तास कमाईच्या दृष्टीने भाकड. मूळ पगार बेताचाच. खरी मिळकत पर्सनल ट्रेनिंगची. तेही पैसे काउंटरवर जमा होतात आणि त्याचा वाटा महिनाअखेरीस हातात पडतो. डोक्यावर टार्गेट असतंच. जानेवारीत संकल्पवाल्यांची झुंबड, मार्चपासून विरळ. कुणी लग्नाला गावी गेलं की तो तास कोरडा.

मला इथे धाडलं हाडांच्या डॉक्टरांनी. त्यांनी उभं करून काढलेला एक्स-रे पाहिला, सांध्याच्या कडेने अंगठा दाबत नेला, पाय दुमडून पाहिला. "थोडी झीज आहे. ऑपरेशन नको. मांडीचे स्नायू बळकट करा." सात-आठ मिनिटं. या तपासणीची फी आणि ट्रेनरच्या एका तासाचे पैसे जवळपास सारखेच. फक्त डॉक्टरांच्या तासात असे सहा-सात पेशंट मावतात; ट्रेनरच्या तासात मी एकटा.

यात अन्याय शोधायला मी निघालो नव्हतो. एमबीबीएस इंटर्नशिपसह साडेपाच वर्षं, पुढे एमएस तीन; हृदय-मेंदूसारखं अतिविशेष शिक्षण हवं तर आणखी तीन. तिशी तिथेच गाठते. ट्रेनरचं सर्टिफिकेट काही महिन्यांचं, तो विशीतच कमावू लागतो. चाळिशीनंतर मात्र गंमत सुरू होते. डॉक्टरांचे केस पिकले की फी वाढते. ट्रेनरचं पोट दिसू लागलं की गिऱ्हाईक दुसऱ्याकडे बघतं.

मोठ्या हॉस्पिटलांत नव्या कन्सल्टंटला अनेकदा सुरुवातीला 'मिनिमम गॅरंटी' मिळते आणि मग कमाईतला वाटा, हे मी सांगितलं तेव्हा ट्रेनर खुलला. "म्हणजे त्यांनाही टक्केवारीच!" करात मात्र दोघांची जात वेगळी. डॉक्टरांच्या उपचारांवर जीएसटी नाही; जिमवर 18 टक्के होता, 22 सप्टेंबर 2025 पासून 5 टक्के झाला. सरकारच्या लेखी माझा गुडघा दवाखान्यात आजारी, जिममध्ये हौशी. वास्तविक जिने चढताना आता दुखत नाही, त्यात या पोराच्या तासांचा वाटा मोठा आहे.

परवा सेट संपल्यावर त्याने हळूच विचारलं, "काका, तुमच्यासारख्या गुडघेवाल्या चार जणांची एक बॅच केली तर? तुम्हाला स्वस्त पडेल, मला जास्त मिळेल." मी हो म्हटलं. आता उरलेले तिघे शोधायचं काम माझ्याकडे आलंय.