पहिली-दुसरीची मुले काय शिकतात?

आमच्या चौथीच्या वर्गाशेजारी पहिली व दुसरीचा वर्ग भरतो. मधे फक्त दोन कपाटे आहेत. त्यामुळे त्यांचे सगळे आम्हांला ऐकू येते. माझा धाकटा भाऊ दुसरीत आहे. त्याच्यामुळेच मी हा लेख लिहीत आहे.

कांदे काढले तेव्हा बाबा गोण्यांचे वजन करत होते. ते आकडा सांगायचे आणि भाऊ वहीत लिहायचा. बाबा म्हणाले, "त्रेपन्न." त्याने लिहिले ३५. बाबांची बेरीज तोंडी चालूच होती. वहीतली बेरीज केली तर १८ किलो कमी भरले. बाबा लई चिडले. म्हणाले, "दुसरीत गेलं तरी पोराला आकडं येत न्हाईत. म्होरल्या वर्षी तालुक्याला इंग्लिश शाळेत घालतो." भाऊ रात्री जेवला नाही. मलाही झोप लागली नाही, कारण आम्ही दोघे शाळेत बरोबर येतो.

दुसऱ्या दिवशी मी गुरुजींना विचारले. गुरुजी म्हणाले, "त्याने कानाने ऐकले तसेच लिहिले." त्रेपन्न म्हणताना आपण तीन आधी म्हणतो आणि पन्नास नंतर. लिहिताना मात्र ५ आधी आणि ३ नंतर लिहायचे. म्हणजे बोलणे एकीकडून आणि लिहिणे दुसरीकडून! मोठ्या माणसांना सवय झालेली असते, म्हणून ध्यानात येत नाही. इंग्रजीत फिफ्टी थ्री म्हणतात, तिथे पन्नास आधी येतात हे खरे. पण थर्टीन, फोर्टीन म्हणताना तीन आणि चार आधीच येतात.

गुरुजींनी एक गंमतही दाखवली. दोन अंक उलटे लिहिले, तर येणारा फरक नेहमी ९ च्या पाढ्यातला असतो. ५३ मधून ३५ गेले, १८ राहिले. ५२ मधून २५ गेले, २७ राहिले. म्हणून हिशेबात १८ किंवा २७ चा घोळ निघाला, की आधी उलटा आकडा शोधावा.

एकोणतीस तर आणखी अवघड. नाव तिसाचे आणि लिहायचे २९. एकोणनव्वदपर्यंत असेच चालते, पण ९९ ला कोणी एकोणशंभर म्हणत नाही, नव्व्याण्णव म्हणतात. हे कोणी ठरवले कोण जाणे.

यासाठी दुसरीत काड्या वापरतात. दहा काड्यांना रबर लावले की एक गठ्ठा, तो दशक. सुट्या राहिल्या ते एकक. त्रेपन्न म्हटले की ५ गठ्ठे आणि ३ सुट्या काड्या मांडायच्या, मग लिहायचे. मांडल्यावर भाऊ एकदाही चुकला नाही. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'पन्नास तीन' असेही वाचायला दिले होते. तेव्हा पुष्कळ लोक रागावले होते. आजी म्हणते, बाजारात पन्नास तीन म्हटले तर पन्नासला तीन नग वाटतील. गुरुजी आधी पन्नास तीन म्हणवून घेतात, मग त्रेपन्न.

वाचनातही असेच आहे. पहिलीला आमच्याकडे ग, म, भ, न या अक्षरांपासून सुरुवात करतात. ती काढायला सोपी असतात आणि लगेच 'गगन', 'मन', 'नग' असे शब्द होतात. मग काना येतो, तो सोपा. पण पहिल्या वेलांटीला मुले अडतात. 'दि' म्हणताना द आधी ऐकू येतो आणि वेलांटी मात्र द च्या अलीकडे काढायची. म्हणून पुष्कळ मुले 'दिवस'चा 'दविस' करतात. मीसुद्धा करत होते. माझी पहिलीची वही आईने ठेवली आहे, तिच्यात आहे.

ती वही मी परवा बाबांना दाखवली. बाबा काही बोलले नाहीत, पण पाने उलटत बसले. नंतर भावाला म्हणाले, "आण तुझ्या काड्या." त्यांनी चौऱ्याहत्तर सांगितले. त्याने ७ गठ्ठे आणि ४ काड्या मांडल्या आणि ७४ लिहिले. इंग्लिश शाळेचे अजून ठरलेले नाही.

आज पालक शाळेत आले आहेत. दुसरीच्या वर्गात खिडकीखाली टोपलीत काड्या आहेत. पालकांनी मुलांना आकडे सांगून बघावेत, पण घाई करू नये. मुले मनात आकडा फिरवत असतात, त्याला वेळ लागतो.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी